उभी ठेवलेली नळी

१

शेषेरावचा एक नेम होता. गाडीतून कुठलीही नळी सुटली की आधी ती रॉकेलात धुवायची, फडक्यानं पुसायची, मग एक टोक तोंडाला लावून फुंकायची आणि दुसऱ्या टोकासमोर डावा तळहात धरायचा. तळहाताला वारा लागला तर नळी मोकळी, नाही लागला तर कुठंतरी गच्च. नांदेडला यष्टीच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं त्यानं डिझेलच्या, ब्रेकच्या, ऑइलच्या नळ्या अशाच फुंकल्या होत्या. रिटायर झाल्यावर तो बायकोला घेऊन लातूरला आला आणि औसा रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून बसला, तरी नेम सुटला नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. नवी कोर्टं, नवी हापिसं, त्यांच्या जीपा, साहेबलोकांच्या गाड्या. हाताला काम भरपूर होतं. नव्हतं ते पाणी. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी हुकला होता. टँकर चौथ्या दिवशी यायचा, नाही तर पाचव्या. शेडातल्या रांजणाला शेषेरावनं नुसतं कुलूप लावायचं बाकी ठेवलं होतं.

त्या मे महिन्यात अण्णाराव वकिलांची काळी मॉरिस मोटार त्याच्याकडं उभी होती. वकील मूळचे जळकोटचे. जिल्हा कोर्ट लातूरला आलं तशी त्यांनी उदगीरची वकिली गुंडाळली, इथं प्लॉट घेऊन बंगला बांधला, म्हाताऱ्या वडलांना, महादेवप्पांना, आणलं, आणि मग त्यांच्या मनानं घेतलं की अप्पांची गाडी आता कोर्टाच्या आवारात उभी राहिली पाहिजे. गाडी जळकोटच्या गोदामात चौदा वर्षं पडून होती. ट्रॅक्टरला बांधून आणली तेव्हा गादीतून उंदरांची घरटी निघाली. महिनाभरात शेषेरावनं टायर, वायरिंग, ब्रेक सगळं करून घेतलं. राहिली होती एक ऑइलची नळी.

ती तांब्याची होती. बोटाएवढी जाड, दीड हात लांब, गाडीच्या पोटाखालून इंजिनापासून फिल्टरपर्यंत जाणारी. मधल्या सरळ भागात ती वीतभर पार चपटी झाली होती. जॅक सरकला आणि त्याचं डोकं नळीवर बसलं की असं होतं. शेषेरावनं असले चेप पुष्कळ पाहिले होते. त्यानं नळी धुतली, पुसली, तोंडाला लावली आणि फुंकली. तळहाताला काही लागलं नाही. ते त्याला अपेक्षितच होतं. नळी अजून ओठांवरच होती, तो कुठून कापावी याचा विचार करत होता, तेवढ्यात नळीतून हवा आली आणि त्याच्या ओठांना लागली.

फार नाही, थोडीशीच. कोमट होती. पण मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, पत्र्याखाली सगळंच कोमट असतं. फुंकलेली हवा चेपाला अडून माघारी आली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. फक्त ती हवा ओली होती. त्यानं ओठांवरून बोट फिरवलं आणि बोटाकडं बघत राहिला. त्या उन्हाळ्यात लातुरात ओलं असं काही राहिलंच नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी वकील कोर्टाला जाता जाता डोकावले. नळीत कशाला एवढा वेळ घालवता मिस्त्री, म्हणाले, चेपलेला तुकडा कापून टाका, नवा जोडा, नाही तर रबरी पाइप घाला. सल्ला बरोबरच होता. शेषेरावही तेच करणार होता. वकील गेल्यावर त्यानं नळी बाकावरच्या शिकंज्यात धरली, चेपाच्या अलीकडं खडूची खूण केली आणि करवतीचं पातं ठेवून पहिला हात मारला.

तांब्यावर एक बारीक चरा उठला आणि शेषेरावचा हात थांबला. का थांबला ते त्याला लगेच कळलं नाही. कसला आवाज आला नव्हता. उलट एक आवाज बंद पडला होता. सकाळपासून शेडात काहीतरी बारीक चालू होतं; पत्रा तापतो तेव्हा करकरतो तसं काहीतरी, म्हणून त्यानं तिकडं लक्ष दिलं नव्हतं. आता ते थांबल्यावर कळलं की ते चालू होतं.

त्यानं करवत उचलून बाजूला ठेवली. रस्त्यावरून एक ट्रक गेला. मग हळूच, भीत भीत, आवाज परत सुरू झाला. तो नळीतून येत होता.

शेषेराव देवाधर्माचा होता तेवढाच नटबोल्टाचाही होता. गरम हवा पसरते, थंड हवा आकसते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. नळीत जुनं ऑइल गोठून बसलं असेल, उन्हानं पातळ होऊन त्यातून बुडबुडे निघत असतील. त्यानं नळी शिकंज्यातून काढून सावलीत आणली. रांजणातलं फुलपात्रभर पाणी काढून फडकं भिजवलं आणि नळीला गुंडाळलं. गार झाल्यावर एक टोक अंगठ्यानं घट्ट दाबून धरलं आणि बिडी पेटवून दुसऱ्या टोकाशी नेली.

बिडीचा धूर वर जाईना. तो वाकला आणि नळीत शिरला. क्षणभर आतच राहिला, मग बाहेर आला. परत आत गेला. अंगठ्याखालचं टोक बंद होतं. तिकडून हवा यायला जागाच नव्हती. भिंतीवर बसवलेल्या घड्याळाकडं बघत शेषेरावनं एक मिनिट मोजलं. बत्तीस वेळा.

हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. चतुराबाईला, त्याच्या बायकोला, दमा होता. तिचा त्रास वाढला की तो तिच्या पाठीवर हात ठेवून मोजत बसायचा. बत्तीस झाले की डॉक्टरला बोलवायचं, हे त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं.

त्या दिवशी शेषेरावनं शेड चार वाजताच बंद केलं.

३

चतुराबाईला त्यानं संध्याकाळी जेवताना सगळं सांगितलं. ती हसेल, निदान उन्हात काम करू नका म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग तिनं एवढंच विचारलं, "ठिवलाय कसा त्याला?"

"कसा म्हंजे? बाकावर."

"आडवा?"

"नळी हाय ती चतुरा. आडवीच ठिवणार."

ती भिंतीला टेकून बसली होती. गेली सतरा वर्षं ती तशीच, बसूनच झोपत होती. पाठीमागं दोन उशा, गुडघ्यावर एक. "आडवं केलं की माझा जीव निघाया लागतो," ती म्हणाली. "तुमाला माहीत हाय ना? दम कोंडलेल्या माणसाला आडवं नसतंय ठिवायचं. उभं करा त्याला."

शेषेराव ताटावरून उठला. पण सकाळी शेड उघडल्यावर त्यानं पहिलं काम तेच केलं. शेडाच्या मधल्या लाकडी खांबाला त्यानं जुन्या धोतराच्या दोन चिंध्यांनी नळी उभी बांधली. फार आवळली नाही. बांधताना रस्त्यावरून कुणी बघत नाही ना, हे त्यानं दोनदा वळून पाहिलं. मग कुणाच्या तरी जीपच्या क्लचचं काम घेऊन बसला.

अकरा वाजता त्यानं मोजलं. सव्वीस. दुपारी चोवीस.

त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे लक्षात आल्यावर तो चपापला. काल त्यानं हवा, उष्णता, गोठलेलं ऑइल असं सगळं धरून ठेवलं होतं. आज ते कुठल्या कुठं गेलं होतं आणि तो एका नळीला आराम पडला म्हणून समाधानानं बिडी ओढत होता.

कापायचं नाही एवढं ठरलं. आता राहिला दुसरा रस्ता, जुन्या कारागिरांचा. नळी तापवून लाल करायची, पाण्यात बुडवून मऊ करायची, मग बेअरिंगचे छर्रे ग्रीस लावून आतून ठोकत न्यायचे. आधी बारीक, मग त्याहून मोठा, मग त्याहून मोठा. चेप आतून उघडत जातो. शेषेरावनं बाभळीचे दोन ठोकळे घेतले, दोघांत अर्धगोल खाचा कोरल्या, म्हणजे नळी त्यात धरली की बाहेरून फुगणार नाही. डाक द्यायचा, स्टोव्हसारखा पेटणारा दिवा लावला. निळी जीभ सूं सूं करायला लागली. तो दिवा घेऊन खांबाजवळ गेला आणि तिथं उभा राहिला.

नळीतला श्वास भराभर चालला होता.

त्यानं दिवा विझवला. गारच ठोकायचं, मग चार दिवस लागू देत.

४

काम जिकिरीचं होतं. ठोकळ्यांच्या शिकंज्यात नळी उभी धरायची, वरून छर्रा सोडायचा, सळई लावायची आणि हातोडीचा हलका ठोका. छर्रा चेपाला भिडला की आतली ये-जा बंद पडायची. शेषेराव तसाच बोटभर पुढं ठोकायचा, मग सळईनं उलट बाजूनं ढकलून छर्रा बाहेर काढायचा आणि थांबायचा. श्वास लागायला वेळ लागायचा. लागला की पुन्हा बोटभर. पहिल्या दिवशी मुगाएवढा छर्रा पार गेला, दुसऱ्या दिवशी वाटाण्याएवढा.

तिसऱ्या दिवशी चतुराबाई भाकरी घेऊन स्वतः आली. तिला ऐकायचं होतं. ती टायरवर बसली, पदरानं वारा घेतला आणि कान देऊन राहिली. मग म्हणाली, "भ्यालाय हो ह्यो." आणि शेजारच्या घरातल्या आजारी माणसाशी बोलावं तशी नळीशी बोलायला लागली. सावकाश भाऊ. घाई न्हाई. सोड आता. घे आता. ती स्वतःच्या दम्याशी असंच बोलायची. शेषेरावला नवल वाटलं, कारण त्यानं खरंच फरक पडत होता. आवाज संथ झाला. त्यानं तेवढ्यात तिसरा छर्रा आत सोडला आणि ठोकायला घेतला. हा बोरातल्या बीएवढा होता. तो चेपाच्या मधोमध गेला आणि तिथं बसला. पुढंही जाईना, मागंही येईना.

दोन ठोके, तीन ठोके. शेषेराव घामाघूम झाला. बायको गप्प का झाली म्हणून त्यानं वर पाहिलं.

चतुराबाईचं तोंड उघडं होतं आणि छाती हलत नव्हती. ती नळीकडं बघत होती. नळीत श्वास नव्हता आणि तिच्यातही नव्हता. तिचे ओठ जांभळ्या वांग्यासारखे झाले होते.

त्यानं हातोडी टाकली, तिला काखेत धरून ओढत बाहेर आणलं, रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसवलं. तिच्या कमरेच्या पिशवीतली गोळी तिच्या जिभेखाली सारली, पाठ चोळली, तिचं तोंड शेडाकडून फिरवून रस्त्याकडं केलं. बैलगाडी गेली. सायकलवाला थांबला, काय झालं विचारून पाणी देऊन गेला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिच्या छातीत एक शिट्टी वाजली आणि तिचा श्वास आत गेला. ती दोन्ही हातांनी त्याचा सदरा धरून खोकत राहिली. शेडातून काहीच ऐकू येत नव्हतं.

बोलता यायला लागलं तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते असं, "त्याचा छर्रा मधी हाय."

"मरू दे त्याला," शेषेराव म्हणाला. "मी त्या गाडीला आता हात लावत न्हाई."

"अर्ध्यावर सोडू नका हो. मला बरं वाटून राहिलं. जावा."

तो उठला नाही. तेव्हा तिनं त्याचा सदरा सोडला आणि हातानं त्याला ढकललं.

शेषेराव आत गेला. शेडात इतकं शांत होतं की त्याला आपल्या चपलांचा आवाज नकोसा झाला. त्यानं सळई लावली, हातोडी उचलली आणि अठ्ठावीस वर्षांत कधी मारला नव्हता असा सपाटून ठोका मारला. छर्रा खालच्या ताटलीत टणकन पडला. पाठोपाठ नळीतून हवा आली ती थांबेचना. लांबलचक, दाटलेली, तिला रॉकेलाचा नाही, तंबाखूचा आणि घामाचा वास होता. शेषेराव तंबाखू खात नव्हता.

त्या दिवसापासून त्यानं बायकोला शेडावर यायची बंदी केली. तिनं ती मानली. पण रोज संध्याकाळी ती विचारायची, आज कितीवर आला, आणि तो सांगायचा, वीस, अठरा.

५

नळी गोल झाली त्या दिवशी वकील आले. त्यांनी नळी हातात घेऊन पाहिली, खूश झाले. त्यांना काही ऐकू आलं नाही. ते बोलत होते. अप्पा रोज विचारतात म्हणाले, त्याचं कुठवर आलं, त्याला बरं हाय का. घरात कानडी, त्यामुळं गाडीचं त्याला-तिला त्यांना कधी जमलंच नाही, असं म्हणून हसले आणि गेले.

शेषेराव हसला नाही. दुसऱ्या दिवशी वकील कोर्टात असतील अशा वेळी तो बंगल्यावर गेला. महादेवप्पा ओसरीत खुर्चीवर बसले होते. ऐंशीचे असतील. कपाळाला भस्म, सदऱ्याआड गळ्यातलं लिंग, पाय खुर्चीवर घेतलेले. शेषेरावनं गाडीचं काम सांगायला आलो म्हणून सांगितलं आणि पायरीवर टेकला. नळी मोकळी झाली, तो म्हणाला. मग शेषेरावनं विचारलं, "अप्पा, ती चेपली कशी?"

महादेवप्पांनी पाय खाली सोडले. एक पायताण शोधलं, मग दुसरं. चढवून झाल्यावरही ते उठले नाहीत.

बहात्तर साल होतं, ते म्हणाले. जळकोटहून उदगीरला निघालो होतो. रस्त्यात चाक बसलं. दुष्काळानं काळी जमीन अशी फाटलेली की भेगेत दंडापर्यंत हात जावा. नरसिंगनं, त्यांच्या ड्रायव्हरनं, जॅक लावला, चाक उतरवलं, आणि खाली काहीतरी गळतंय म्हणून बघायला शिरला. जॅक भेगेत गेला.

"गाडी छातीवर आली," महादेवप्पा म्हणाले. "बोलत होता पण. अप्पा, दम कोंडून राहिला म्हणला. माणूस न्हाई, काणूस न्हाई. मी म्हणलं आलोच माणसं घेऊन."

दीड कोसावर खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं. ते पळत गेले. तीस माणसं हातातलं टाकून धावली.

"आणि तुमी?"

म्हाताऱ्यानं ओसरीच्या फरशीकडं पाहिलं. "माणसं पाठवली. मी न्हाई गेलो. मुकादमाच्या छपरात बसलो. पाय उचललाच न्हाई." त्यांनी पायातलं पायताण फरशीवर घासलं. "लोक पोचले तवा जित्ता होता म्हणले. अप्पा आले का, इचारत होता म्हणले."

आत कुणीतरी भांडी घासत होतं, वाळूनं, पाण्याशिवाय. शेषेरावच्या मनात पुष्कळ होतं. धूर, बत्तीस, चतुराबाईचे ओठ. त्यातलं त्यानं काही सांगितलं नाही. "उद्या सकाळी नळी बसवून राहिलो," तो म्हणाला. "मी रिक्षा घेऊन येतो, अप्पा."

महादेवप्पांनी पायताणं काढून पाय परत खुर्चीवर घेतले. पण सकाळी आठला शेषेराव रिक्षा घेऊन गेला तेव्हा ते धुतलेलं धोतर नेसून फाटकात उभे होते.

६

गाडी चार भक्कम ठोकळ्यांवर चढवलेली होती. शेषेरावनं चारही ठोकळे पायानं हलवून पाहिले, मग परत पाहिले. म्हाताऱ्याला त्यानं स्टेअरिंगमागच्या सीटवर बसवलं, दार उघडं ठेवलं. मग खांबावरच्या चिंध्या सोडल्या, नळी छातीशी धरली आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेला.

खाली अंधार नव्हता. सकाळचं ऊन फरशीवरून आत येत होतं आणि गाडीचा सगळा तळ नीट दिसत होता. नळीचं एक टोक त्यानं इंजिनाच्या बाजूला लावलं आणि नट हातानं फिरवायला घेतला. दुसरं टोक दीड हातावर, त्याच्या पायांकडं. दोन्हीकडं एकदम हात पोचत नाही. अशा वेळी तारेनं बांधून घ्यायचं असतं आणि तार तो बाहेर बाकावर विसरला होता. त्यानं नळी तशीच सोडली. ती खाली यायला हवी होती.

नळी खाली आली नाही. दुसरं टोक आपल्या जागी गेलं आणि तिथं राहिलं, कुणीतरी धरून ठेवावं तसं, शेषेरावच्या नटाचे आटे बसेपर्यंत किंचित इकडं तिकडं हलत. वर्कशॉपात दोघे जण मिळून काम करतात तेव्हा दुसरा असाच धरतो.

शेषेरावनं नटावरची नजर काढली नाही. नजरेच्या कडेला, उजव्या अंगाला, कोपरापर्यंत दुमडलेली खाकी बाही होती. त्याच्या उजव्या कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं, संथ, चवदा-पंधरावर असेल. त्याला ओरडायचं नव्हतं. ओरडलो तर हा दचकेल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं. इकडचा नट बसला. मग तो सरकत सरकत खाली गेला आणि दुसऱ्या टोकाला हात घातला. तिथं त्याच्या बोटांना तांबंच लागलं, दुसरं काही नाही. त्यानं तो नटही हातानं फिरवला, आणि पान्यानं आवळायचं तसंच ठेवून बाहेर आला.

तो मडगार्ड धरून बसला. "मिस्त्री," वरून महादेवप्पा म्हणाले. "ह्ये हलून राहिलंय."

डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचं छोटं गोल घड्याळ होतं. त्याची बारीक नळी त्याच मोठ्या नळीतून निघते. इंजिन बंद होतं. ऑइल अजून डब्यातच होतं, गाडीत थेंब नव्हता. घड्याळाचा काटा शून्यावरून वर जात होता, एका जागी थांबत होता आणि खाली येत होता. पुन्हा वर.

म्हाताऱ्यानं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला. काटा वर गेला, खाली आला. तेव्हा महादेवप्पांनी दाराला धरून एक पाय खाली टाकला, मग दुसरा. शेषेराव हात द्यायला उठला तर त्यांनी हात नको म्हणून हलवला.

७

ऐंशी वर्षांचा माणूस जमिनीवर कसा निजतो ते शेषेरावनं त्या दिवशी पाहिलं. आधी गुडघे, मग एक तळहात, मग कोपर. धुतलेलं धोतर फरशीवरच्या ग्रीसमध्ये गेलं. महादेवप्पा गाडीच्या बाजूला कुशीवर निजले आणि त्यांनी उजवा हात गाडीखाली घातला, खांद्यापर्यंत.

"बंदे, नरसिंग," ते कानडीत म्हणाले. मग मराठीत, "आलो रे मी."

त्यापुढं ते जे बोलले ते शेषेरावनं ऐकलं नाही. ऐकू येण्यासारखं होतं, पण तो मुद्दाम दुसऱ्या बाजूला जाऊन काट्याकडं बघत उभा राहिला. सुरुवातीला काटा जोरात वर गेला, अगदी लाल खुणेपर्यंत, आणि तिथं थरथरत राहिला. शेषेरावला वाटलं, आता ठोकळा सरकणार. त्याची नजर चारही ठोकळ्यांवरून फिरली. गाडी किरकिरली, एकदाच. पलीकडं म्हाताऱ्याचं बोलणं थांबलं नाही. मग काटा उतरायला लागला. वर जायचा तो आधीपेक्षा कमी जायचा, थांबायचा तो जास्त थांबायचा. पहाटे पहाटे, गोळी लागू पडल्यावर, चतुराबाईचं असंच व्हायचं. शेषेरावनं सवयीनं मोजलं. बारा. नऊ. मग मोजायचं सोडून दिलं. काटा शून्यावर आला आणि राहिला.

पत्र्यावर कावळा बसला, उडाला.

म्हाताऱ्याला उठवायला शेषेरावला रिक्षावाल्याची मदत घ्यावी लागली. उजवा हात कोपरापर्यंत काळाभोर झाला होता, ओल्या ऑइलनं. त्यांनी तो पुसू दिला नाही. रिक्षात बसताना ते शेषेरावकडं वळले.

"उठला," एवढंच म्हणाले.

वकिलांना यातलं काही कळलं नाही. गाडी आठवड्याभरात कोर्टाच्या आवारात उभी राहिली आणि पुढं कैक वर्षं उभी राहत होती. ऑइलची तक्रार एकदाही आली नाही. महादेवप्पा त्याच पावसाळ्यात गेले, झोपेत, कुणाला काही न सांगता. पाऊस त्या साली बरा झाला. चतुराबाईला शेषेरावनं नळी बसवली त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, तिनं विचारायच्या आतच. ती ऐकून घेऊन म्हणाली की बरं झालं, आणि पाठीमागची एक उशी काढून ठेवली. ती रात्रभर चांगली झोपली.

एक गोष्ट मात्र त्यानं तिलाही सांगितली नाही. रिक्षा गेल्यावर तो शेडात एकटाच राहिला होता आणि नट अजून पान्यानं आवळायचा होता. तो टाळून चालणार नव्हतं. हातानं लावलेला नट पहिल्या दाबालाच सुटतो. त्यानं पाना घेतला. बराच वेळ गाडीसमोर उकिडवा बसला. मग पाठीवर निजून आत सरकला.

ऊन आता हललं होतं, गाडीखाली सावली होती आणि फरशी गार लागत होती. त्याच्या डाव्या खांद्याखाली गार, कमरेखाली गार. उजव्या हाताला मात्र, माणूस निजेल एवढी जागा, कोमट होती. त्यानं तळहात ठेवून पाहिला. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी.

का कुणी अजून गेलंच नसल्यासारखी, ते त्याला सांगता आलं नसतं.

शेषेराव डावीकडं सरकला. अंग चोरून, गाडीच्या कडेला पार टेकून निजला, उजवीकडची जागा मोकळी सोडून. मग हात लांब करून त्यानं नट आवळला.